कंपनी बुडाली, मालक कसा तरला?

एखादी मोठी कंपनी कर्जात बुडते. कामगारांचे पगार अडकतात, माल पुरवणाऱ्यांची बिलं थकतात, बँका मोठमोठ्या रकमांवर पाणी सोडतात. आणि ज्याचा फोटो कालपर्यंत 'यशस्वी उद्योजक' म्हणून छापून यायचा, तो आपल्या घरात सुखरूप असतो. मग दोन प्रश्न हमखास विचारले जातात: याच्या घरावर टाच का येत नाही? आणि सरकार इतके दिवस झोपा काढत होतं का?

त्याच्या घरावर टाच येत नाही, कारण ती येऊ नये असा कायदा सरकारनेच केलेला आहे. आणि असे कायदे करवून घ्यायला, वाकवायला किंवा थोपवायला धंदेवाले सरकारदरबारी सतत खेटे घालत असतात. 'सरकार विरुद्ध उद्योग' असा सामना आपण नेहमी रंगवतो. मला तो मुळातच फसवा वाटतो. धंदा कोणत्या स्वरूपात उभा राहणार हे कायदा ठरवतो, आणि तो कायदा कसा असावा यात धंद्याचा हात असतो.

नुकसान कुठवर पोचतं?

मालकीचे प्रकार शाळा-कॉलेजात तक्ता करून शिकवतात आणि परीक्षा झाली की तो तक्ता विसरला जातो. त्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा: धंदा बुडाला तर नुकसान कुठवर पोचतं?

एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर कायद्याच्या नजरेत धंदा आणि मालक एकच. नफा सगळा त्याचा, कर्जही सगळं त्याचं. धंद्याचं देणं फेडायला राहतं घर विकावं लागलं तर तेही विकावं लागतं. भागीदारीत माणसं वाढतात, पण धोका वाटला जात नाही, उलट वाढतो. साध्या भागीदारीत प्रत्येक भागीदार सगळ्या देण्याला बांधील असतो. तिघांपैकी दोघे परागंदा झाले तर पूर्ण वसुली तिसऱ्याकडून. अनोळखी माणसाशी भागीदारी करायला लोक कचरतात ते उगाच नाही.

कंपनीत कायदा एक नवीच 'व्यक्ती' उभी करतो. ती स्वतःच्या नावावर जमीन घेते, कर्ज काढते, खटले भरते. तिचे शेअर घेणारा तो भागधारक. शेअरमध्ये घातले तेवढेच पैसे त्याचे बुडू शकतात. त्यापलीकडे कंपनीच्या देण्याशी त्याचा संबंध नाही. यालाच मर्यादित जबाबदारी म्हणतात.

शेताला बांध घातला म्हणजे पाणी नाहीसं होत नाही, ते पलीकडच्याच्या शेतात जातं. मर्यादित जबाबदारी हा असाच एक बांध आहे. नुकसान भागधारकाच्या घरात शिरत नाही, पण कुठेतरी जातंच: बँकेकडे, पुरवठादाराकडे, कामगाराकडे, कर खात्याकडे. यातली बँक सर्वांत सावध. ती व्याज चढवते, तारण घेते आणि छोट्या कंपनीला कर्ज देताना मालकाकडून वैयक्तिक हमी लिहून घेते, म्हणजे आपल्यापुरतं बांधाला भगदाडच पाडून ठेवते. त्यामुळे छोट्या उद्योजकाच्या बाबतीत हा बांध पुष्कळदा कागदावरच राहतो. मोठ्या कंपनीचा भागधारक मात्र त्याच्या आड निवांत बसलेला असतो.

आणि कारखान्यातून सुटलेल्या वायूने ज्याची फुप्फुसं निकामी झाली, त्याचं काय? त्याला व्याज चढवायची किंवा हमी मागायची संधीच कधी मिळाली नव्हती. कंपनी कायद्यातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट हीच आहे, आणि तिच्यावर समाधानकारक उत्तर अजून कुठल्याही देशाला सापडलेलं नाही.

सॉलोमनचे बूट

कंपनी ही मालकाहून खरोखरच वेगळी असते का, याचा निकाल लंडनमधल्या एका बूट बनवणाऱ्याच्या खटल्यात लागला.

ॲरन सॉलोमनचा चामड्याच्या बुटांचा धंदा बऱ्यापैकी चालला होता. १८९२ मध्ये त्याने कंपनी नोंदवली. कायद्याला सात सभासद लागत, ते त्याने घरातूनच भरले: तो स्वतः, बायको, मुलगी आणि चार मुलगे. एकूण २०,००७ शेअर. त्यातले २०,००१ त्याचे, बाकीच्या सहा जणांना एकेक. मग त्याने आपला धंदा या कंपनीला विकला. किंमतही त्यानेच ठरवली, आणि त्यातले १०,००० पौंड कर्जरोख्यांच्या रूपात घेतले. म्हणजे कंपनीचा जवळजवळ एकमेव मालक जो, तोच तिचा सावकारही झाला. सावकारही तारण असलेला, म्हणजे वसुलीच्या रांगेत पुढे उभा.

पुढे बूट उद्योगात संप झाले. सॉलोमनचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं सरकार. एकाच पुरवठादारावर अवलंबून राहणं नको म्हणून सरकारने आपल्या ऑर्डरी अनेकांत वाटून टाकल्या. वर्षभरात कंपनीचं दिवाळं वाजलं. जे काही उरलं होतं त्यावर कर्जरोख्यांचा पहिला हक्क. ज्यांनी विनातारण माल दिला होता ते हात चोळत बसले. खालच्या दोन्ही न्यायालयांना ही सरळ लबाडी वाटली. सॉलोमन स्वतः तोवर इतका कफल्लक झाला होता की त्याला शेवटचं अपील निर्धनांसाठीच्या सवलतीतून करावं लागलं. १८९६ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला: नोंदणी रीतसर झाली असेल तर कंपनी वेगळी आणि सॉलोमन वेगळा, मग शेअर कितीही एकाच्याच हातात असोत.

या गोष्टीत सरकार दोनदा येतं. एकदा कायदा करणारं म्हणून आणि एकदा गिऱ्हाईक म्हणून. सरकारचा धंद्यावरचा परिणाम म्हटलं की आपल्याला कर, परवाने आणि तपासण्या आठवतात. पण सरकारच्या खरेदीचा एक निर्णय कायद्याच्या चार कलमांपेक्षा जास्त धंदे उभे करू शकतो, आणि आडवेही.

"मग हे संरक्षण काढूनच टाका की!"

बुडीत कंपन्यांच्या बातम्या वाचून हे वाटणं साहजिक आहे. पण ते काढून टाकलेलं असेल तर काय होतं, याचं उदाहरणही इतिहासात आहे.

सिटी ऑफ ग्लासगो बँक ऑक्टोबर १८७८ मध्ये कोसळली. तिचे शेअर होते, भागधारक होते, पण जबाबदारी अमर्याद होती. संचालकांनी खोटे हिशेब दाखवून तोटा लपवला होता. तूट ५० लाख पौंडांच्या वर निघाली. आधी प्रत्येक १०० पौंडांच्या शेअरमागे भागधारकाकडून ५०० पौंड मागितले गेले. त्याने भागेना, तेव्हा आणखी २,२५०. एकाला जमलं नाही की त्याचा बोजा उरलेल्यांवर. १,८१९ भागधारकांपैकी जेमतेम २५४ शाबूत राहिले. त्यांत विधवा होत्या, आयुष्याची पुंजी गुंतवलेल्या एकट्या स्त्रिया होत्या. दुसऱ्यांच्या वतीने केवळ विश्वस्त म्हणून ज्यांच्या नावावर शेअर होते, त्यांनाही खिशातून भरावं लागलं. संचालक तुरुंगात गेले, पण त्याने कुणाचं घर परत आलं नाही. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा बदलून बँकांना भागधारकांची जबाबदारी मर्यादित करून घेण्याचा मार्ग मोकळा केला.

जबाबदारी अमर्याद असेल तर शहाणा माणूस फक्त स्वतःच्या डोळ्यांसमोर चाललेल्या धंद्यात पैसे घालेल. हजारो अनोळखी लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून रेल्वे किंवा पोलादाचे कारखाने उभारता येणार नाहीत. इंग्लंडने १८४४ मध्ये साध्या नोंदणीने कंपनी काढण्याची सोय केली आणि १८५५ मध्ये मर्यादित जबाबदारी दिली, ती या गरजेतून. तेव्हाही धंदेवाल्यांत दोन तट होतेच. स्वतःच्या हिमतीवर मोठे झालेले काही कारखानदार म्हणत, की ही सवलत उडाणटप्पूंच्या पथ्यावर पडेल.

शब्द सवलत हाच आहे. तिच्या बदल्यात हिशेब जाहीर करा, ते तपासून घ्या, संचालकांची नावं नोंदवा, अशा अटी सरकार घालतं. "सरकारने आमच्या धंद्यात लुडबुड करू नये" हे एकट्याच्या जोखमीवर धंदा करणाऱ्याने म्हटलं तर मी ऐकून घेईन. कंपनीने म्हटलं तर ते वाक्य अर्धवट आहे.

सरकार कंपनीला वाचवतं तेव्हा

नोंदणीने कंपनी मिळू लागण्यापूर्वी प्रत्येक कंपनीला राजाची सनद किंवा संसदेचा खास कायदा लागे. ईस्ट इंडिया कंपनीला १६०० मध्ये अशी सनद मिळाली, पूर्वेकडच्या व्यापाराच्या मक्तेदारीसह. पुढे तिचे शेअर खुद्द संसदेतल्या सभासदांकडेही होते.

१७७२ मध्ये कंपनीकडचे पैसे संपले. गोदामात चहा पडून होता आणि देणी डोक्यावर होती. तिने सरकारकडे हात पसरले. सरकारने १७७३ मध्ये १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, पण फुकट नाही. कर्ज फिटेपर्यंत लाभांश ६ टक्क्यांच्या वर नेणार नाही अशी अट घातली आणि रेग्युलेटिंग ॲक्ट करून तिच्या हिंदुस्थानातल्या कारभारावर देखरेख बसवली. त्याच वर्षी दुसऱ्या हाताने तिला एक मोठी मेहेरबानीही दिली: साठलेला चहा थेट अमेरिकन वसाहतींत स्वस्तात विकायची मुभा. तिथला चहावरचा कर मात्र कायम ठेवला. तिथल्या व्यापाऱ्यांचा धंदा बसणार होता आणि कराचा राग आधीपासून होताच. डिसेंबरमध्ये बोस्टनच्या बंदरात निदर्शकांनी तो चहा पाण्यात फेकला, आणि पुढे ब्रिटनच्या हातून त्या वसाहतीही गेल्या.

एका बुडत्या कंपनीला हात देताना सरकार एकाच वेळी तिचं सावकार झालं, नियामक झालं आणि विक्रेत्याचा पाठीराखाही झालं. २००८ मध्ये अमेरिकेने एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचं कर्ज देऊ केलं आणि बदल्यात जवळपास ८० टक्के मालकी घेतली, तेव्हाही भूमिकांची अशीच सरमिसळ झाली. कंपनी इतकी मोठी झालेली असते की तिला बुडू देणंच परवडत नाही, आणि हे तिलाही पक्कं ठाऊक असतं.

"धंदेवाल्यांना कायदेच नको असतात"

हा सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. त्यांना कायदे हवे असतात, आपल्या सोयीचे.

अमेरिकेत कंपनीची नोंदणी राज्यांकडे असते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यू जर्सीने एका कंपनीला दुसऱ्या कंपन्यांचे शेअर बाळगायला सरसकट परवानगी दिली. मोठमोठे उद्योगसमूह तिकडे धावले, स्टँडर्ड ऑइलसुद्धा. राज्याला नोंदणी शुल्काचा घसघशीत पैसा मिळू लागला. स्टँडर्ड ऑइलचे १९११ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ३४ तुकडे झाले, पण ते केंद्राच्या कायद्याने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, न्यू जर्सीच्या इच्छेने नव्हे. १९१३ मध्ये गव्हर्नर वुड्रो विल्सन यांनी न्यू जर्सीचे नियम कडक केले आणि कंपन्यांनी शेजारच्या डेलावेअरचा रस्ता धरला. आज अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ५०० कंपन्यांपैकी निम्म्याहून जास्त कंपन्या त्या चिमुकल्या राज्यात नोंदलेल्या आहेत. कंपनीचा कारभार भलतीकडेच चालतो. तिथे असतो तो पत्ता.

दुसरं उदाहरण अलीकडचं, आणि माझ्या मते अधिक बोलकं. हिशेबतपासनीसांच्या मोठमोठ्या संस्था परंपरेने भागीदारीत चालत. बुडालेल्या कंपन्यांचे हिशेब आपण तपासले होते, म्हणून उद्या आपल्यावर दावे लागतील आणि एकाच्या चुकीसाठी सगळ्या भागीदारांची घरंदारं जातील, ही धास्ती त्यांनी घेतली. पण कंपनी व्हायचं तर भागीदारीची मोकळीक जाते. त्यांना दोन्हीतलं बरं तेवढं हवं होतं: कारभार भागीदारीचा, जबाबदारी मर्यादित. ब्रिटिश सरकार दाद देईना. मग प्राइस वॉटरहाउस आणि अर्न्स्ट अँड यंग यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर ब्रिटनजवळच्या, पण स्वतःचे कायदे करणाऱ्या जर्सी या बेटाच्या सरकारबरोबर बसून तसा कायदाच तयार करून घेतला. बडे करदाते नोंदणीसाठी बेटाकडे निघालेले पाहून लंडन हललं. २००० मध्ये ब्रिटनने स्वतःचा मर्यादित जबाबदारी भागीदारीचा कायदा केला, आणि जर्सीला जायची कुणाला गरजच उरली नाही.

पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात या प्रकाराची एक ओळ असते: 'भागीदारी आणि कंपनी यांचा संगम'. तो संगम कसा घडला, हे तिथे नसतं.

लॉबिंग म्हणजे लाचच का?

नाही. निर्णय घेणाऱ्यांना आपली बाजू पटवण्यासाठी केलेली संघटित खटपट म्हणजे लॉबिंग. लाच गुन्हा आहे. लॉबिंग अनेक देशांत कायदेशीर आहे आणि काही ठिकाणी त्याची जाहीर नोंद करावी लागते. त्यावर सरसकट बंदी घालणंही शक्य नाही, कारण औषधाच्या कारखान्यात नेमकं काय चालतं हे कारखानदाराला विचारल्याशिवाय नियम करणाऱ्या अधिकाऱ्याला कळणार नाही. अडचण पुढे आहे. माहिती देणारा ती आपल्या बाजूला कलती करूनच देतो, आणि पलीकडची बाजू मांडायला खोलीत बहुधा कुणीच नसतं. आयात कर वाढला की मूठभर कारखानदारांना प्रत्येकी भरपूर फायदा होतो, त्यामुळे ते वकील नेमतात, खेपा घालतात. त्याच कराचा भुर्दंड करोडो ग्राहकांत विभागला जातो. माणशी इतका किरकोळ, की त्यासाठी कुणी कामधंदा सोडून राजधानी गाठत नाही. जॉर्ज स्टिगलर या अर्थतज्ज्ञाने १९७१ मध्ये असं मांडलं, की ज्या उद्योगावर नियंत्रण ठेवायचं, नियम बहुतेक वेळा त्याच उद्योगाच्या फायद्याचे होऊन बसतात.

देणग्यांचा प्रश्न आला की मालकीचा प्रकार पुन्हा महत्त्वाचा ठरतो. एकट्या मालकाने पक्षाला पैसे दिले तर ते त्याचे आहेत. शेअर बाजारातल्या कंपनीने दिले तर ते हजारो भागधारकांचे, आणि त्यातले कित्येक त्या पक्षाला मतही देत नसतील. ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्यापासून अशा देणगीला भागधारकांची आगाऊ मंजुरी लागते. अमेरिकेत राष्ट्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला कंपनीने थेट देणगी देण्यावर १९०७ पासून बंदी आहे, मात्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालानंतर उमेदवारापासून स्वतंत्रपणे प्रचारावर कंपनी हवा तेवढा खर्च करू शकते. भारतात देणगीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती. ती २०१७ मध्ये काढली गेली, म्हणजे तोट्यातली कंपनीही अमर्याद देणगी देऊ शकत होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांबरोबरच ही दुरुस्तीही रद्द केली. तोट्यातली कंपनी पैसे देते ते नेमके कुणाचे, हा प्रश्न त्या निमित्ताने चव्हाट्यावर आला हे बरं झालं.

"त्यापेक्षा सरकारनेच मालक व्हावं"

वीज, पाणी, रेल्वे यांत सरकारी मालकीला चांगली कारणं आहेत. तो वाद वेगळा. पण मालकी घेतल्याने प्रभावाचा प्रश्न सुटतो, या म्हणण्यात मात्र तथ्य नाही. फोक्सवॅगनमध्ये जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्याकडे २० टक्के मतं आहेत आणि देखरेख मंडळावर दोन जागा. त्याच मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींच्या. दोघांनाही कारखाने चालू राहण्यात रस. डिझेल गाड्यांच्या धुराच्या चाचणीत कंपनी फसवणूक करत होती हे २०१५ मध्ये जगापुढे आणलं ते अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने. जर्मन सरकारने जाणूनबुजून डोळेझाक केली असा निष्कर्ष मी यातून काढणार नाही. पण मालक, मोठ्या रोजगाराचा लाभार्थी आणि नियम राबवणारा या तिन्ही भूमिका एकाच सरकारच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर आल्या की कठोर होण्याची घाई कुणालाच नसते.

उरली सहकारी संस्था. शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत, ही पद्धत इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या संस्थेने १८४४ पासून रूढ केली. पैसेवाल्याला इथे जादा आवाज मिळत नाही, हे तिचं मोठं बळ. पण नुकसान इथेही कुणाला चुकत नाही. स्पेनच्या मोंद्रागॉन समूहातली फागोर ही घरगुती उपकरणं बनवणारी सहकारी संस्था २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिथे कामगार हेच मालक होते. समूहाने त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या इतर संस्थांत सामावून घेतलं. भांडवल म्हणून त्यांनी घातलेली रक्कम मात्र बुडाली.